बंद पडलेली तबकडी

जुने मराठी पुस्तक संगणकाच्या पडद्यावर वाचण्याचा प्रसंग आता पुष्कळांना येतो. असे पुस्तक उघडले की कित्येकदा आरंभीच्या पानांवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते. तीवर उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे नाव असते, खाली क्रमांक असतो, ग्रंथकाराचे व ग्रंथाचे नाव असते आणि शेवटी, नोंदलेल्या तारखेच्या आत पुस्तक परत करावे अशी सूचना असते. दूर परदेशात बसून वाचणाऱ्या मराठी माणसालाही ही चिठ्ठी दिसते, आणि हैदराबादच्या ग्रंथालयाने आपल्याला पुस्तक परत करण्याची आठवण द्यावी, याचे त्याला थोडे हसू येत असेल.

ही पुस्तके पडद्यावर आली ती आपोआप नव्हे. या शतकाच्या आरंभी 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या नावाचा एक मोठा उपक्रम हाती घेण्यात आला. आंध्रात जन्मलेले आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात अध्यापन करणारे संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी यांची दहा लक्ष पुस्तकांची कल्पना त्याच्या मुळाशी होती. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आपल्या गच्चीबावलीची माहिती-तंत्रज्ञान संस्था ही त्याची प्रमुख केंद्रे होती. एकेक पान यंत्राखाली धरून त्याचे चित्र घ्यावयाचे, असे ते काम. त्यात तेलुगू, उर्दू, संस्कृत यांच्याबरोबर मराठी पुस्तकांचीही लक्षावधी पाने उतरविली गेली. ज्यांची दुसरी प्रत आज सहजी मिळणार नाही अशी कित्येक पुस्तके त्यांत आहेत.

पुस्तक कागदावर होते तोवर ते कपाटात होते, हे सांगावयास नको. मग आता ते कोठे आहे? हा प्रश्न आम्ही वर्गात विचारला, तेव्हा बहुतेकांनी 'क्लाउडमध्ये' असे उत्तर दिले. क्लाउड म्हणजे ढग. आणि ढगात पुस्तके तरंगत असावीत अशीच कित्येकांची समजूत दिसली. वस्तुतः ढग वगैरे काही नाही. कोठे तरी, कोणत्या तरी शहरातील थंड केलेल्या खोलीत (अशा खोल्या हैदराबादेतही पुष्कळ आहेत) एक तबकडी गरगर फिरत असते, आणि तिच्यावर ते पुस्तक असते. ती तबकडी थांबली म्हणजे काय होते, आणि ती कशी बदलावयाची, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम तबकडीविषयी थोडेसे. संगणकवाले जिला हार्ड डिस्क म्हणतात ती तळहाताएवढी धातूची डबी असते. आत आरशासारख्या लकाकणाऱ्या एक वा अधिक चकत्या एकाच आसावर बसविलेल्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो, आणि त्या थरावरील सूक्ष्म ठिकाणे एका दिशेने वा दुसऱ्या दिशेने चुंबकित करून १ आणि ० हे अंक लिहिले जातात. नेहमीच्या वापरातील चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. म्हणजे दुसऱ्या प्रकारात सेकंदाला १२०. तिच्यावरून वाचन-लेखनाची शिरे फिरतात, पण तिला स्पर्श करीत नाहीत. दोहोंमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. धुळीचा एक कणही त्या फटीपुढे डोंगराएवढा ठरतो. म्हणूनच ती डबी घरी उघडून पाहू नये. अशा तऱ्हेचे पहिले यंत्र आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि एवढा पसारा मांडून त्यात सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आज आमच्या दप्तरात मावणाऱ्या एका डबीत त्याच्या कित्येक लक्ष पट मजकूर राहतो.

पण जे फिरते ते कधी तरी थांबते. घरातील पंखा थांबतो, शिवणयंत्र अडते, तशी तबकडीही एक दिवस बंद पडते. मोठ्या संगणक-केंद्रांचा अनुभव असा आहे की, शंभर तबकड्यांमागे दरसाल एखाददुसरी निकामी होते. घरी एकच तबकडी असणाऱ्यास हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. परंतु जेथे हजार तबकड्या फिरत आहेत तेथे दर महिन्याला एखादी जाणारच, हे गृहीत धरूनच कामाची आखणी करावी लागते.

या अडचणीवरील एक सुंदर तोड १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तिघा संशोधकांनी, डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी, एका निबंधात व्यवस्थितपणे मांडली. एक महागडी, मोठी तबकडी घेण्याऐवजी अनेक स्वस्त तबकड्या एकत्र जोडाव्यात, आणि त्यांवर मजकूर अशा युक्तीने वाटावा की, एखादी गेली तरी उरलेल्यांना तिचा मजकूर सांगता यावा. या रचनेला 'रेड' असे आद्याक्षरी नाव पडले. मूळ नावात 'स्वस्त' हा शब्द होता. पुढे विक्रेत्यांना तो रुचला नसावा, म्हणून त्याच आद्याक्षराचा 'स्वतंत्र' हा शब्द त्याच्या जागी आला.

उरलेल्यांनी गेलेलीचा मजकूर सांगावयाचा म्हणजे काय? येथे जादू काही नाही. दुसरी-तिसरीत शिकलेला ताळा आहे. तीन मुलांच्या खिशात अनुक्रमे ७, ४ व ९ रुपये आहेत, आणि चौथ्याने केवळ बेरीज, म्हणजे २०, लिहून ठेवली आहे असे समजा. दुसरा मुलगा घरी गेला. त्याच्याजवळ किती रुपये होते? ७ आणि ९ मिळून १६; वीसातून सोळा गेले, उरले ४. चौथ्याजवळ त्या मुलाच्या पैशांची नोंद नव्हती. तरी ती सर्वांच्या मिळून असलेल्या माहितीतून निघाली.

संगणकाला बेरजेचीही गरज पडत नाही, सम-विषम एवढे पुरते. तीन तबकड्यांवर पुढील अंक आहेत असे धरा : पहिलीवर १०११०, दुसरीवर ०११००, तिसरीवर १००११. आता एकेका उभ्या रांगेतील १ मोजा. संख्या सम असेल तर चौथ्या तबकडीवर ०, विषम असेल तर १ लिहा. उत्तर येते ०१००१. हा झाला ताळा. आता दुसरी तबकडी निकामी झाली असे समजून तिच्यावर हात ठेवा आणि उरलेल्या तिन्हींवरून तीच मोजणी पुन्हा करा. ०११०० हा तिचा हरवलेला मजकूर जसाच्या तसा मिळेल. ज्यांना खोटे वाटत असेल त्यांनी वहीच्या मागच्या पानावर करून पाहावे. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांनी करून पाहिल्यावाचून विश्वास ठेवला नाही, याचा आम्हांला आनंदच झाला. प्रत्यक्षात ताळा एकाच तबकडीवर न ठेवता आळीपाळीने सगळ्यांवर वाटतात, म्हणजे लिहिण्याचा भार एकीवरच पडत नाही. परंतु तत्त्व हेच.

या तत्त्वाची मर्यादाही याच उदाहरणात दिसते. दोन मुले घरी गेली तर? ७ आणि २० एवढ्यावरून उरलेल्या दोघांचे मिळून १३ रुपये हे कळेल. कोणाचे किती, ते कळणार नाही. एका समीकरणातून दोन अज्ञात निघत नाहीत. म्हणून जेथे जोखीम फार, तेथे दोन ताळे ठेवतात. पहिला साध्या बेरजेचा. दुसऱ्यात पहिल्याच्या रकमेला १ ने, दुसऱ्याच्या २ ने व तिसऱ्याच्या ३ ने गुणून बेरीज करावयाची : ७ अधिक ८ अधिक २७, म्हणजे ४२. आता दोघे गेले तरी दोन समीकरणे हाती आहेत, आणि दहावीच्या विद्यार्थ्याला ती सोडविता आलीच पाहिजेत. संगणक यासाठी जे गणित वापरतो त्याचा पाया एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाने घातला. तो १८३२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, द्वंद्वयुद्धात मेला. आपल्या समीकरणांनी पुढे कोणाची पुस्तके वाचणार आहेत, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

आता हे सर्व आम्हांला कसे शिकावे लागले, ते सांगतो. आम्ही भाषेचे शिक्षक. पदवीही कला शाखेची. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात हैदराबादी हिंदी, एवढ्यात आमचे सारे व्यवहार. तबकड्यांशी आमचा संबंध येण्याचे कारण नव्हते. पण शहरातील एका मराठी संस्थेत (तिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही) जुने अंक, सभांची इतिवृत्ते, छायाचित्रे व विद्यार्थ्यांची हस्तलिखित मासिके संगणकावर उतरवून ठेवली आहेत, आणि सुटीच्या दिवशी दहावीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही त्या कामी मदतीला जातो. हस्तलिखितांपैकी काहींचे मूळ कागद नंतर वाळवीने खाल्ले. म्हणजे कोणा मुलीने शाईने काढलेले मुखपृष्ठ, कोणा मुलाने काकांच्या गावावर लिहिलेला निबंध, हे आता केवळ त्या संगणकाशेजारच्या काळ्या पेटीत उरले आहे.

ती पेटी संगणकाच्या बाहेर, एका तारेने त्याला जोडलेली असते. तीत चार खण, प्रत्येक खणात ४ टेराबाइटची एक तबकडी. एकूण १६ टेराबाइट झाले. पैकी एका तबकडीइतकी जागा ताळ्यास जाते आणि १२ वापरावयास मिळतात.

एके संध्याकाळी शेजारच्या सभागृहात व्याख्यान चालू असता पेटीतून सारखा 'टीं टीं' असा आवाज येऊ लागला. वक्त्यांचा रसभंग नको म्हणून आम्हीच जाऊन कळ दाबली व आवाज बंद केला. मागाहून पाहू, असे मनाशी म्हटले, आणि विसरलो. पुढे एका रविवारी एका विद्यार्थ्याने विचारले, "बाई, या पेटीवर तीन हिरवे दिवे आहेत आणि एक लाल. लाल कशाचा?" संगणकावरील नोंद उघडून पाहिली. एक तबकडी २३ दिवसांपूर्वी निकामी झाली होती.

या २३ दिवसांत कोणाचे काही अडले नव्हते. फाइली उघडत होत्या, पाने दिसत होती. उरलेल्या तिघी चौथीचा मजकूर प्रत्येक वेळी नव्याने मोजून पुरवीत होत्या. ही व्यवस्था इतकी मुकाट्याने आपले काम करते की, ती लंगडी झाली आहे हे माणसाच्या ध्यानातच येत नाही. त्या अवधीत आणखी एक तबकडी गेली असती, तर चौघींवरील सर्वच मजकूर गेला असता. कारण कोणतीही मोठी फाइल एका तबकडीवर अखंड नसते, तिचे तुकडे सगळ्यांवर पसरलेले असतात. शिवाय चौघीही एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच घाणीतून आलेल्या. ज्या वयात एक थकली त्याच वयाच्या इतर तिघी.

जाणत्यांना विचारले, तेव्हा त्यांनी पहिली सूचना दिली ती तबकडी बदलण्याची नव्हे. ते म्हणाले, अगोदर जे गमावून चालणार नाही, ते दुसरीकडे उतरवून घ्या. त्यामुळे त्या रात्री उशिरापर्यंत बसून हस्तलिखिते व इतिवृत्ते एका निराळ्या तबकडीवर नकलून घेतली. जागा अपुरी होती म्हणून छायाचित्रांपैकी बरीच राहिली.

मग नवी तबकडी. कोठीच्या गुजराती गल्लीत विजेच्या सामानाची दुकाने आहेत आणि सिकंदराबादेत चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये संगणकाची. तेथे 'चार टेराबाइटची द्या' एवढे म्हणून भागत नाही. नवी तबकडी जुनीइतकी वा तिच्याहून मोठी हवी. किंचितही लहान असली तर पेटी ती घेत नाही. जोडणीची पद्धत तीच हवी. आणि एक गोष्ट विचारून घ्यावी लागते. काही तबकड्यांवर जागा वाचविण्यासाठी लेखनाच्या वर्तुळाकार रेघा एकीवर एक थोड्या चढवून लिहितात, आमच्याकडील मंगळुरी कौलांप्रमाणे. घरी आम्ही त्यांना नळे म्हणतो. ज्यांनी पावसाळ्याच्या तोंडी कौले परतणारा माणूस पाहिला आहे, त्यांना ठाऊक असेल की मधले एक कौल बदलावयाचे तर त्यावर चढलेली दुसरी उचलावी लागतात. या तबकड्यांचेही तसेच. मधले थोडे बदलावयाचे तर पुढचे पुष्कळ पुन्हा लिहावे लागते. जेथे सबंध तबकडी सलग भरून काढावयाची तेथे अशी तबकडी फार वेळ लावते, आणि कधी कधी तिची वाट पाहून कंटाळलेली पेटी तिलाच निकामी ठरवते.

बदलण्याच्या वेळी पेटी बंद करावयाची नाही, हे ऐकून आम्हांला आश्चर्य वाटले. या पेट्या चालू असतानाच तबकडी काढता-घालता यावी अशाच बनविलेल्या असतात. आणि वर्षानुवर्षे फिरत असलेल्या जुन्या तबकड्या एकदा थांबविल्या तर पुन्हा सुरू होतीलच अशी खात्री नसते. हाताला साचलेली विजेची ठिणगी सूक्ष्म मंडले जाळू शकते, म्हणून प्रथम पेटीच्या उघड्या धातूला हात लावून ती उतरविली. संगणकावरील नोंद सांगत होती : तबकडी क्रमांक २ निकामी. आम्ही डावीकडून एक, दोन असे मोजले आणि दुसऱ्या खणाच्या खिटीला हात घातला.

"बाई, थांबा," तोच विद्यार्थी म्हणाला. "लाल दिवा तिसऱ्यावर आहे."

संगणक मोजणी शून्यापासून करतो. ०, १, २, ३ असे त्याचे चार खण. त्याचा २ म्हणजे आमचा तिसरा. आम्ही जिला हात घातला ती चांगली तबकडी होती. ती ओढून काढली असती, तर चौघींपैकी दोघी नाहीशा झाल्या असत्या, आणि आत्ताच सांगितल्याप्रमाणे एका ताळ्यातून दोन अज्ञात निघत नाहीत. अशी बाहेर काढलेली चांगली तबकडी परत बसवून कधी कधी सारे सावरता येते. पण ते जाणत्याचे काम, आणि त्यातही यशाची हमी नाही. जाणकारांकडून मागाहून कळले की ही चूक आम्हीच करायला निघालो होतो असे नाही. रेडचा मजकूर बुडण्याच्या कारणांत चुकीची तबकडी उपटणे हे एक नेहमीचे कारण आहे. म्हणून केवळ दिव्यावर किंवा केवळ क्रमांकावर विसंबू नये. प्रत्येक तबकडीवर कारखान्याचा स्वतंत्र अनुक्रमांक छापलेला असतो, आणि संगणकाच्या नोंदीतही तो असतो. तो नोंदीतून कागदावर उतरवून घ्यावा. तबकडी बोटभर बाहेर ओढावी, अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे आतली चकती अद्याप फिरत असल्यास थांबते. मग पूर्ण बाहेर काढून प्रथम क्रमांक पडताळावा. आम्ही तो तिघांकडून वाचून घेतला. जुळला, मग नवी आत सारली. खिटी 'खट' करून बसली, दिवा लुकलुकू लागला, आणि पडद्यावर आकडा आला : शून्य टक्के.

येथून पुढे माणसाने काही करावयाचे नसते. पेटी तिन्ही जुन्या तबकड्या आरंभापासून अखेरपर्यंत वाचते, एकेका उभ्या रांगेचा ताळा पाहते आणि हरवलेला अंक नवीवर लिहिते. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने ४ टेराबाइट भरावयास ४०,००० सेकंद लागतात, म्हणजे ११ तासांहून थोडे अधिक. आमच्या पेटीला प्रत्यक्षात १९ तास लागले. मध्येच वीज गेली तर घोटाळा नको म्हणून पेटी बॅटरीवर जोडलेली होती. तरी बाहेर ढग दाटून आले की आमचे लक्ष दिव्याकडे जाई.

खरा धोका याच तासांत असतो. जी पाने वर्षानुवर्षे कोणी उघडली नाहीत, तीही या वेळी वाचावी लागतात, आणि एखादी जागा आत कुजलेली असेल तर ती याच वेळी उघडकीस येते. साध्या तबकड्यांचे उत्पादक असे सांगतात की १० च्या १४ व्या घाताइतके अंक वाचताना न वाचता येणारी जागा एकाहून अधिक वेळा येऊ नये. ही संख्या प्रचंड वाटते. परंतु तिचे साडेबारा टेराबाइटच होतात, आणि आम्हांला तीन तबकड्या मिळून १२ वाचावयाचे होते. प्रत्यक्षातील तबकड्या या आकड्यापेक्षा पुष्कळच चांगल्या वागतात, असा अनुभव आहे. आमच्या पेटीत मात्र ७१ टक्क्यांवर एक जागा वाचता आली नाही. पेटीने तशी नोंद केली आणि ती पुढे गेली. काही पेट्या अशा वेळी कामच थांबवितात.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारही दिवे हिरवे झाले. मग एकेक फाइल उघडून पाहण्याचे काम विद्यार्थ्यांनी वाटून घेतले. हस्तलिखितांतील एका अंकाचे एकच पान बिघडलेले निघाले. वरचा अर्धा भाग ठीक, खाली करड्या रंगाचा पट्टा. बदलण्याआधीच्या रात्री घेतलेल्या नकलेत ते पान शाबूत होते, ते परत आणून बसविले. छायाचित्रांत काही बिघडले नव्हते. बिघडले असते तर त्यांची नक्कल आमच्याजवळ नव्हती.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो आमचाही होता. चार तबकड्यांची पेटी म्हणजे मजकूर सुरक्षित, असे आम्ही समजत होतो. पेटी एका तबकडीच्या मरणावरचा उपाय आहे. पेटीच्या मरणावरचा नव्हे. कोणी चुकून फाइल पुसली तर ती चौघींवरूनही तत्परतेने पुसली जाते. खोलीत आग लागली, पाणी शिरले, तर चौघी एकदमच जातात. हैदराबादकरांस हे सांगावयास नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी चढली, तेव्हा अफजलगंजच्या बाजूने घरे, पूल, रुग्णालय काहीच उरले नाही. हजारो माणसे बुडाली. त्या काठावरच्या एखाद्या घरात चार पेट्यांत जपून ठेवलेले कागद असतील, तर ते चारही पेट्यांसह गेले असतील.

आमच्या गोव्याकडचे एक उदाहरण येथे आठवते. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' हे मराठी ओवीबद्ध काव्य राचोल येथे १६१६ साली छापले गेले, आणि पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही. छापखान्याने जे राखले नाही ते हाताने नकला करणाऱ्यांनी राखले. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले. त्यातली एक नक्कल तर देवनागरीत असून ती लंडनला जाऊन पडली आहे. ती गोव्यात नव्हती, हेच तिच्या पथ्यावर पडले असेल.

आरंभी सांगितलेल्या उस्मानियाच्या पुस्तकांचेही असेच झाले आहे. ज्या उपक्रमाने ती पडद्यावर आणली, त्याची मूळ संकेतस्थळे पुढे बंद पडली. परंतु तोवर त्यांतील पाच लाखांहून अधिक पुस्तकांच्या नकला इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतील संस्थेच्या संग्रहात जाऊन पोहोचल्या होत्या. आज आपण ती चिठ्ठी पाहतो ती तेथून. तेथील तबकड्याही बंद पडतातच. पण ती संस्था प्रत्येक फाइल निदान दोन तबकड्यांवर ठेवते, आणि कोणी तरी खणाचा क्रमांक पडताळून बंद पडलेली बदलीत असते.

आमची जुनी तबकडी आता शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या कपाटात आहे. तिच्यावरचे काही कोणी वाचू नये म्हणून ती उघडून चकत्यांवर ओरखडे काढले. त्यासाठी चांदणीच्या आकाराच्या टोकाचा पेचकस लागतो, तो घड्याळजीकडे मिळाला. चकतीत आपले तोंड स्पष्ट दिसते. संस्थेतील पेटीच्या चारही खणांवर विद्यार्थ्यांनी कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या आहेत, ०, १, २, ३, आणि प्रत्येकीखाली तबकडीच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक. छायाचित्रांची नक्कल पुरी झाली असून ती संस्थेच्या एका सभासदाकडे, मुसीच्या दुसऱ्या तीरावर, ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी नोंद वाचून वहीत सही करावयाची, असे ठरले आहे. आवाजाची कळ मात्र आम्ही पुन्हा चालू केली आहे, आणि पुढच्या व्याख्यानाच्या वेळी ती वाजली तर वक्त्यांनी पाच मिनिटे थांबावे, अशी आमची त्यांना आगाऊ विनंती आहे.